शेवळाचे पान कोणी पाहिले?

(द्वितीय वर्ष, कला)

ठाणे, पालघर, रायगड या जिल्ह्यांतल्या वाचकांना शेवळ म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही. मे महिना संपत आला, वळवाचे दोन शिडकावे झाले, की कल्याण-पनवेलच्या बाजारात डोंगरातल्या बायका तपकिरी-जांभळ्या, भाल्याच्या टोकासारख्या कळ्यांच्या जुड्या मांडून बसतात. शेजारी काकडाच्या हिरव्या आंबट फळांचे वाटे असतातच. घेणारे वर्षभर वाट पाहून असतात. कोणी त्यात कोलंबी घालतो, कोणी खिमा, कोणी वाल. आणि जो तो आपल्याच घरची रीत खरी म्हणून सांगतो. महिना-दीड महिना हा सोहळा चालतो आणि पाऊस नीट धरला की संपतो.

अशा एखाद्या शेवळप्रेमी गृहस्थाला किंवा गृहिणीला सहज विचारून पाहावे, "शेवळाचे पान कसे असते हो?" मी पुष्कळांना विचारले आहे. बहुतेकांना शेवळाला पान असते हेच ठाऊक नव्हते. एका बाईंनी तर "अगं, ती अळंबीसारखी उगवते ना?" असा उलट प्रश्न केला. ज्या वस्तूची आपण वर्षभर वाट पाहतो, तिचे उरलेले दहा महिने कुठे आणि कसे जातात याची आपल्याला चौकशीही करावीशी वाटू नये, हे मला विलक्षण वाटते. माझे म्हणणे एवढेच आहे, की ज्याला शेवळाचे पान ओळखता येत नाही त्याला शेवळ ओळखता येत नाही. आणि ज्याला ते ओळखता येत नाही त्याच्या हातून ते कधी लावलेही जाणार नाही.

शेवळ ही सुरणाच्या कुळातली वनस्पती. शास्त्रीय नाव 'अमॉर्फोफॅलस कॉम्युटॅटस'. (या नावाच्या पहिल्या अर्ध्या भागाचा ग्रीक अर्थ वार्षिकांकात छापण्यासारखा नाही, जिज्ञासूंनी कोशात पाहावा.) ही भारताबाहेर कुठे रानटी आढळत नाही, आपला सह्याद्री आणि त्याच्या आसपासचा मुलूख हेच तिचे घर. जमिनीत गोल घनकंद असतो. उन्हाळाभर वर काहीही दिसत नाही. पहिल्या ओलाव्याबरोबर कंदातून सरळ फुलाचा दांडा वर येतो. आपण ज्याला फूल म्हणतो ते खरे तर एक फूल नव्हे. बाहेरचे झाकण म्हणजे महाछद, आणि आतला लांबट दांडा म्हणजे स्थूलकणिश. त्या दांड्याच्या तळाशी बारीक बारीक मादीफुले, त्यांच्या वर नरफुले आणि त्याच्या वर नुसता लांब जांभळट शेंडा. हे सगळे उमलले की कुजक्या मांसासारखी दुर्गंधी सुटते, आणि त्या वासाला भुलून भुंगेरे व माश्या येतात.

फूल सरल्यावर, पाऊस चांगला लागला की मग पान येते. तेही एकच! एका कंदाला वर्षाला एक पान. ठिपक्याठिपक्यांचा चितकबरा देठ, आणि वर तीन फाटे फुटून पसरलेली छत्री. पाहणाऱ्याला वाटते एक लहानसे झाड आहे. वस्तुतः ते एकच पान. चार महिने ते उन्हाचे अन्न कंदात साठवते आणि पाऊस सरल्यावर पिवळे पडून आडवे होते. ज्या कंदांत पुरेसा साठा नसतो त्यांना फूल येतच नाही, नुसते पान येते. म्हणजे रानात जितकी शेवळे असतात त्यांतली पुष्कळशी बाजारवाल्याला कधीच दिसत नाहीत.

तेव्हा अडचण अशी, की फूल आणि पान एका वेळी पाहायला मिळत नाही. ही अडचण केवळ कल्याणच्या गृहिणीची नाही, शास्त्रज्ञांचीही आहे. वनस्पती ओळखण्याची त्यांची जुनी रीत म्हणजे नमुना उपटायचा, दाबून वाळवायचा आणि कागदावर चिकटवून ठेवायचा. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो मोठा ग्रंथ सिद्ध केला, तो अशाच नमुन्यांच्या आधाराने. पण सुरणाच्या जातकुळीतल्या वनस्पतीचा नमुना मे महिन्यात घेतला तर पान नाही, ऑगस्टात घेतला तर फूल नाही. शिवाय मांसल दांडे नीट वाळत नाहीत, कुजतात. त्यामुळे या वंशाची ओळखपरेड आजही पुरी झालेली नाही. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात याच वंशातली एक नवी जाती कोकणातून शास्त्राला कळली आणि तिला 'कोंकणेन्सिस' असे नाव मिळाले. ती वर्णन करणाऱ्यांत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे प्रा. श्री. रा. यादव होते. कोकणातल्या माणसाच्या पायाखाली ती त्यापूर्वीही उगवतच असणार!

मग हे दोन्ही कोण पाहतो? जो त्या जागेवर बारा महिने वावरतो तो. आमचा पाडा शहापूर तालुक्यात, माहुलीच्या डोंगराच्या अंगाला आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. माझ्या आजीला सही येत नाही. पण जुलैत रानात उभी राहून ती सांगते, हे शेवळ, हे सुरण, हे सापकांदा, ह्याच्या नादी लागू नको. मी विचारले की ती आधी हसते. "बाय, फूल तं कुनीबी वलखील. पान वलखलंस तं तू रानातली." ती देठावरचे ठिपके पाहते, देठ बोटाने चाचपते, पानाचे फाटे कसे फुटलेत ते पाहते आणि मग जागा पाहते: उतार आहे का, सावली कोणाची, खाली पाचोळा आहे की नुसता मुरूम. रानसुरणाचा देठ खरखरीत असतो आणि त्याचे फूल बसकट, रुंद, जमिनीला टेकलेले असते. शेवळाचे दांड्यावर उभे असते. सापकांद्याचा देठही चितकबराच, पण त्याचे फूल नागाच्या फण्यासारखे वळते. हे वाचायला सोपे आहे. प्रत्यक्षात, फूल नसताना, नुसत्या पानावरून सांगणे किती अवघड आहे ते मला ठाऊक आहे. मोबाइलवर फोटो काढून नाव सांगणारी सोय आता प्रत्येकाच्या खिशात आहे. मी तिला शेवळाचे पान तीनदा दाखवले. तिन्ही वेळा तिने सुरण म्हणून सांगितले. वंश बरोबर, जात चूक.

नावांचा घोळ तर विचारूच नका. 'लोत' हा शब्द कोणी रानसुरणाच्या कोवळ्या कोंबाला लावतो, कोणी शेवळाच्या पानाला, तर कोणी तिसऱ्याच कंदाला. एका गावातला मनुष्य दुसऱ्या गावात जाऊन नुसत्या नावावर विसंबून भाजी खाईल तर रात्रभर घसा धरून बसेल. या सगळ्या कुळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते तोंडाला आणि घशाला टोचतात. म्हणून तर काकड, चिंच, कोकम असे काहीतरी आंबट घातल्याशिवाय शेवळ शिजवत नाहीत.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी शेवळ निवडणाऱ्या हजारो हातांना माहीत आहे आणि तरीही माहीत नाही. निवडताना वरची साल काढतात, आणि आतला दांड्याच्या बुडाजवळचा पिवळा दाणेदार भाग खाजरा म्हणून काढून फेकतात. तो दाणेदार भाग म्हणजेच फुले. म्हणजे जे खायचे ते शेंडा आणि आवरण, आणि जे केराच्या टोपलीत जाते ते उद्याचे बी. अर्थात कळी खुडली तेव्हाच बी होण्याची शक्यता संपलेली असते, फेकण्याने काही अधिक बिघडत नाही. पण कोणत्या भागाला आपण कचरा म्हणतो ते एकदा डोळसपणे पाहावे.

शेवळ खुडल्याने मरत नाही, हे मी मुद्दाम सांगते. कंद जमिनीत शाबूत राहतो, पावसात पान काढतो आणि पुन्हा पोसला जातो. म्हणूनच वर्षानुवर्षे खुडूनही ते येत राहते आणि सगळ्यांना वाटते की काही बिघडलेले नाही. बिघडते ते निराळेच. त्या जागी नवे रोप येत नाही. जुने कंद तेवढे उरतात. एखादा रानडुकराने उकरला, एखादा रस्त्याच्या कामात जेसीबीखाली गेला, की ती जागा कायमची मोकळी. शेवळाची पिढीच पुढे सरकत नाही. म्हातारी माणसे मागे राहिलेल्या आणि तरुण शहरात गेलेल्या गावासारखी ती वस्ती दिसायला भरलेली असते.

"मग खुडताना एखादे फूल सोडावे," असे कोणी म्हणेल. नुसते एखादे सोडून भागत नाही. या वंशातल्या बहुतेक जातींत मादीफुले आधी तयार होतात आणि नरफुलांचा पराग त्यानंतर, साधारण दुसऱ्या दिवशी सुटतो. म्हणजे एका फुलाचा पराग त्याच फुलाच्या कामाला येत नाही. जवळपास एक दिवस पुढेमागे उमललेले दुसरे फूल असावे लागते आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा भुंगेरा असावा लागतो. डोंगरावर एकटे सुटलेले फूल दुर्गंधी सोडून, वाट पाहून, वाळून जाते. सोडायचीच तर एका जागची चार-सहा एकत्र सोडली पाहिजेत. शेवळाची फळे मी पहिल्यांदा पाहिली ती आमच्या देवराईत. तिथे कोणी खुडत नाही, म्हणून तिथे दांड्यावर मक्याच्या कणसासारखी दाटीने लागलेली नारिंगी-लाल फळे दिसतात आणि पक्षी ती खायला येतात. एकोणीस वर्षांत इतरत्र मी ती क्वचितच पाहिली.

आता कोणी म्हणेल, खुडण्यावर बंदी घाला. शहरात बसून असे म्हणणे फार सोपे आहे. माझ्या अकरावीच्या वह्या-पुस्तकांचे पैसे शेवळांतून आले. पहाटे तीनला आई डोंगरात जाते, टोपली भरून आसनगावहून गाडी पकडते आणि दुपारपर्यंत कल्याणला बसते. भाताची पेरणी व्हायची असते, घरात धान्य संपत आलेले असते, नेमक्या त्या दिवसांत रान हा पैसा देते. २००६ च्या वनहक्क कायद्याने कंदमुळांसह गौण वनोपजावरचा आमचा हक्क मान्य केलेला आहे, आणि तो कोणी दिलेली मेहेरबानी नव्हे. तेव्हा आईला मी "चार शेवळे सोड" असे सांगणे म्हणजे एक जुडी कमी विक असे सांगणे आहे. मी तिला ते सांगितले. ती म्हणाली, "मी सोडीन, मागून येनारी सोडील का?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

दुसरीकडे रानभाज्यांचे कौतुक मात्र अलीकडे उदंड झाले आहे. ऑगस्टमध्ये तालुक्या-तालुक्याला रानभाजी महोत्सव भरतात. फलक लागतात, पाककृतींच्या स्पर्धा होतात, प्रत्येक भाजीपुढे ती कोणकोणत्या रोगांवर गुणकारी आहे याची लांबलचक यादी असते. मी असे दोन महोत्सव पाहिले. भाजी कशी खावी हे तिथे सर्वांना सांगायचे होते. ती लावावी कशी, हे सांगणारा एकही माणूस मला भेटला नाही. गंमत अशी, की ऑगस्टात शेवळाची कळी नसतेच, पान असते. महोत्सवाच्या मांडवामागे कुंपणाला शेवळाचे एक पान मी स्वतः पाहिले. आत मांडवात त्याच शेवळाचे रंगीत चित्र टांगलेले होते! कौतुकाने मागणी वाढते आणि मागणीने खुडणी वाढते. त्या खुडणीच्या बदल्यात रानाला काही परत जात नसेल, तर हे कौतुक फार महागात पडणारे आहे.

माझा आग्रह म्हणून लागवडीचा आहे. शेवळ लावता येते. मी कोणी शेतीतज्ज्ञ नाही. केले तेवढेच सांगते. देवराईत पिकून खाली पडलेली फळे आजीच्या परवानगीने (आणि देवाला नारळ ठेवून) मूठभर आणली. गर हाताला खाजतो, म्हणून करवंटीत राखेबरोबर चोळून धुतला. बी सुकवून डब्यात ठेवायचे नाही, ताजेच पेरायचे, हा आजीचा सल्ला. बांबूच्या बेटाखालची माती, पाचोळा आणि थोडे शेणखत घालून जुन्या गोणींत ती पेरली आणि आंब्याच्या सावलीत ठेवली. निम्म्याहून अधिक बिया उगवल्या. पहिल्या वर्षी बोटभर उंचीचे, तीन फाट्यांचे चिमुकले पान. हिवाळ्यात ते गेले तेव्हा शेजारच्या मुलांनी "तुझी रोपं मेली" म्हणून बातमी आणली. गोण उकरली तर आत वाटाण्याएवढा कंद. दुसऱ्या पावसाळ्यात पान मोठे झाले आणि कंद सुपारीएवढा. फूल अजून नाही, आणि पुढची काही वर्षे येणारही नाही. तोवर दरसाल नुसते पान. पाणी साचू द्यायचे नाही आणि पान वाळल्यावर पाणी घालायचे नाही, याखेरीज खटपट काही नाही. धीर मात्र हवा.

एवढ्या सावकाश वाढणाऱ्या गोष्टीची शेती कोण करील, असे आमच्या वर्गातला एक मित्र म्हणाला. जपानात करतात. शेवळाच्याच वंशातला 'कोन्याकु' नावाचा कंद तिथले शेतकरी दोन-तीन वर्षे काढून, पुन्हा लावून, वाढवतात. गुन्मा हा प्रांत तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. आपलेच सुरण घ्या. तेही मुळात खाजरे. पण निवड करीत करीत 'गजेंद्र'सारखी न खाजणारी जात शेतकऱ्याच्या हाती आली आणि आज ती बाजारात किलोने मिळते. सुमात्रातले 'टायटन अरम' तर शेवळाचा थोरला भाऊच, दहा फूट उंच फूल येणारा. ओदोआर्दो बेक्कारी या इटालियन संशोधकाने ते १८७८ मध्ये पाहिले, १८८९ मध्ये लंडनजवळच्या क्यू उद्यानात ते फुलले, आणि आजही कुठल्या उद्यानात ते फुलले की पाहायला रांगा लागतात. वास तोच, कुजक्या मांसाचा! थोरल्याला काचेचे घर आणि धाकट्याला केराची टोपली, हा केवळ दैवाचा भाग म्हणायचा का?

"तू कलाशाखेची, तुला हे कशाला?" असेही मला विचारले गेले. आमच्या महाविद्यालयात विज्ञान शाखा नाही, त्यामुळे हा प्रश्न विचारणारेही कलाशाखेचेच होते. मला वाटते, झाड ओळखणे ही जितकी प्रयोगशाळेतली गोष्ट तितकीच भाषेतली आहे. आजी ज्या शब्दांनी पान सांगते ते शब्द आमच्या पाड्यावर माझ्या वयाच्या मुलींना आता येत नाहीत. जैवविविधतेच्या २००२ च्या कायद्याप्रमाणे गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. ती भरताना आजीसारख्या बाईला शेजारी बसवून घेतले, तिचे शब्द तिच्याच उच्चारात लिहून घेतले, 'फूल केव्हा, पान केव्हा, फळ कुठे' असे तीन रकाने केले, तर ते काम मराठीचा आणि समाजशास्त्राचा विद्यार्थी कोणाहूनही चांगले करील. मराठी विभागाने लोकगीते जमवण्याचा प्रकल्प दिला होता, तसाच हा द्यावा. आणि माहिती सांगणाऱ्या बाईला दिवसाची मजुरी द्यावी. तिचा दिवस बुडतो, हे लोकगीते जमवताना आपण विसरलो होतो.

ग्रंथालयाच्या मागे कंपाउंडच्या भिंतीलगत जी उतरती जागा आहे, तिथे दोन करंज आणि बांबूचे एक बेट आहे. आज तिथे तुटकी बाके पडलेली असतात. उतार आहे, म्हणून पाणी साचत नाही, सावली आहे, पाचोळा आहे. प्राचार्यांकडे मी त्या जागेसाठी अर्ज दिला आहे. वर्ग जूनमध्ये सुरू होतात आणि पान जुलै ते ऑक्टोबर उभे असते, म्हणजे ते पाहायला आपण सगळे इथेच असतो. सुरणही लावू, सापकांदाही लावू, म्हणजे तिन्ही पाने शेजारी शेजारी पाहून फरक कळेल. आजी यायला तयार आहे. तिची एकच अट आहे, की खुर्चीवर बसून बोलायला सांगू नये.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा मार्च उजाडला असेल. माझ्या गोणींतले कंद त्या वेळी मातीत झोपलेले असतील आणि वर काहीही दिसत नसेल. कंद हलवायचे दिवस तेच. वळवाची पहिली सर येण्याआधी ते जमिनीत गेले पाहिजेत. बाके उचलायला चार माणसे लागतील.